कारखान्याचं नाव शोधून देतो म्हणाला, मॅग्नेटो घेऊन गेला

तुमच्या जुन्या इंजिनाचा कारखाना शोधून देतो, फक्त मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारा भाग) काढून कुरिअरने पाठवा, असं कुणी म्हणालं तर त्याला एकच विचारा: मॅग्नेटो बनवणारा वेगळा, इंजिन बनवणारा वेगळा, मग इंजिनाचा पत्ता मॅग्नेटोवर कसा सापडेल? आमच्या काकांकडून पैसे आणि मॅग्नेटो दोन्ही घेऊन गेलेल्या माणसाकडे याला उत्तर नव्हतं. तो अजून याच धंद्यात आहे, फक्त नाव बदललंय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

इंजिन कराड तालुक्यातल्या आमच्या शेतावरचं. एका सिलिंडरचं, आडवं, दोन्ही बाजूंना बिडाची दोन चाकं, वर पाणी ओतायचं उघडं हॉपर. पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर घ्यायचं. आजोबांनी कडबाकुट्टीसाठी जुन्यात घेतलेलं. ताकद असेल दीड-दोन हॉर्सपॉवर, पण आवाज वेशीपर्यंत. वीज आली, मोटर आली, तरी काकांनी ते भंगारात घातलं नाही. दर खंडेनवमीला धुऊन-पुसून, झेंडूचा हार घालून, हँडल मारून ते चालू करायचे.

अडचण एवढीच की त्यावर कारखान्याचं नावच नाही. पितळी पाटी आहे, पण ती मुंबईच्या विकणाऱ्या पेढीची. त्या काळी हे सर्रास चालायचं. इंजिन विलायतेतून यायचं आणि इथला एजंट त्यावर स्वतःची पाटी ठोकायचा. खुद्द इंग्लंडातही तीच तऱ्हा होती. 'अमान्को' नावाने लंडनहून विकली जाणारी इंजिनं प्रत्यक्षात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, वॉटर्लू गावी तयार व्हायची.

आमच्याकडे कुठलंही जुनं इंजिन दिसलं की लोक 'कूपरचं असणार' म्हणून मोकळे होतात. धनजीशा कूपर यांचा साताऱ्याचा कारखाना 1922 चा, तेव्हा अंदाज अगदीच वावगा नाही. पण कूपरचं नाव झालं ते डिझेल इंजिनावर. खडकीला 1946 साली निघालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचंही तेच. डिझेलला ना प्लग लागतो ना मॅग्नेटो, आणि आमच्या इंजिनाला दोन्ही आहेत. म्हणजे ही दोन्ही नावं बाद.

काकांनी फोटो टाकून 'हे कुणी बनवलं असेल?' असं विचारलं आणि हा माणूस भेटला. 'विंटेज इंजिनांचा अभ्यासक' अशी स्वतःची ओळख. पहिल्या फोनपासून 'काका, काका'. पैशाचा विषय त्याने आधी काढलाच नाही. "काका, हे इंजिन म्हणजे हेरिटेज आहे, कुणा भंगारवाल्याला दाखवूसुद्धा नका," हे मात्र दोनदा सांगितलं. आता त्याचा अर्थ कळतो. जाणत्या माणसाने इंजिन पाहू नये, एवढीच त्याची काळजी होती.

मग हळूच: विलायतेतल्या कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या माझ्याकडे आहेत, शोधायची फी 1,500 रुपये. पैसे गेले आणि अहवाल आला. वर सिंहाचा शिक्का, मागे पिवळट कागदाचा देखावा, इंग्रजी अगदी कोर्टाच्या थाटाचं. निष्कर्ष असा: इंजिन 'पेटर' कंपनीचं, एम टाइप, 1916 साली लाफबरोच्या कारखान्यात तयार झालेलं. खाली एक ओळ: 'अंतिम खात्रीसाठी मॅग्नेटोच्या तळाचा क्रमांक प्रत्यक्ष पाहणे आवश्यक.'

खरी खोच त्या ओळीत होती. तळाचा फोटो पाठवतो म्हटलं तर "फोटोत अक्षरं उमटत नाहीत, आम्ही ती ॲसिडने वर आणतो." तेलाची काचेची कुपीही मागितली होती. ती वाटेत फुटेल म्हणून काकांनी दिली नाही, म्हणून ती तरी जागेवर आहे. कुरिअरच्या पावतीवर काय लिहायचं तेही त्यानेच सांगितलं: 'जुना लोखंडी भाग, किंमत 100 रुपये.' म्हणे जास्त किंमत लिहिली तर टॅक्सवाले अडवतात. असा टॅक्स-बिक्स काही नसतो. माल हरवला किंवा बदलला तर तुमच्याच सहीने त्याची किंमत 100 रुपये ठरलेली असावी, यासाठी हा सगळा खटाटोप.

मॅग्नेटो परत आला तो काळ्या रंगात चकाचक. "काका, तुमच्यासाठी फुकटात साफ करून रंगवून दिलाय." सोबत 'सरकारमान्य अँटिक प्रमाणपत्र' हवं असेल तर 6,500 रुपये, असा निरोप. तेही काकांनी घेतलं. आपल्या 1972 च्या पुरावशेष कायद्यात साधारणपणे 100 वर्षांची अट आहे आणि पुरावशेष विकायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. खासगी माणसाने घरच्या प्रिंटरवर काढलेल्या 'सरकारमान्य' कागदाला काडीची किंमत नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला इंजिन चालू झालं नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, "बसवताना टायमिंग चुकलं असेल, गावाकडच्या फिटरचं काम!" मग मलकापूरच्या एका जुन्या मिस्त्रींना आणलं. वय झालंय, कानाने कमी ऐकू येतं, पण हात अजून पक्का. त्यांनी मॅग्नेटो सोडवून मांडीवर घेतला आणि शाफ्ट बोटांनी फिरवला. चुंबकाच्या ओढीने शाफ्ट एका जागी अडतो आणि तिथून झटक्याने पुढे सुटतो, तो झटका त्यांनी चारदा घेऊन पाहिला. मग शाफ्टच्या बाजूच्या झाकणावरचा रंग नखाने खरवडला. खालून बाण निघाला. "ह्यो उलटा फिरायचा हाय," ते म्हणाले. "तुमच्या इंजिनाचा न्हाई."

मॅग्नेटो कुठल्या दिशेने फिरवायचा हे ठरलेलं असतं आणि त्यासाठी अंगावर बाण असतो. उलट दिशेने फिरवला तर ठिणगी हव्या त्या क्षणी जोरात पडत नाही, मग हँडल मारून खांदा निखळला तरी इंजिन बोलत नाही. आदल्या खंडेनवमीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मोठा करून पाहिला तर हाराच्या खाली मॅग्नेटोवरचा बाण स्पष्ट दिसतो, बरोबर विरुद्ध दिशेचा. त्याच फोटोत 'एम.एल.' ही अक्षरंही आहेत. एम.एल. म्हणजे कॉव्हेंट्रीचे मॅग्नेटो बनवणारे. परत आलेल्यावर अक्षरंच नाहीत, ती जागा घासून सपाट केलेली. आणखी एक गोष्ट मिस्त्रींनीच दाखवली. मॅग्नेटो ज्या बैठकीवर बसतो तिथे पंचाने मारलेले तीन ठिपके आहेत. आजोबांच्या फिटरने बैठकीवर आणि मॅग्नेटोच्या पायावर समोरासमोर मारून ठेवलेले, सोडवून पुन्हा बसवताना जागा चुकू नये म्हणून. परत आलेल्या मॅग्नेटोच्या पायावर रंगाखाली एकही ठिपका नाही.

मग कुरिअरच्या पावत्या काढल्या. पाठवताना वजन 4.8 किलो, परत येताना 4.1. खोकं तेच. अशा पावत्या फेकू नका, पोलिसांसमोर सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच झाला.

मॅग्नेटो कशाला चोरेल कुणी, असं वाटेल. जुन्या इंग्लिश मोटारसायकली नव्याने उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींना असे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चुंबकांचे मॅग्नेटो हवेच असतात, आणि चालू स्थितीतला मिळणं मुश्कील. अख्खं इंजिन चोरायला टेम्पो लागतो. मॅग्नेटो तुम्ही स्वतः पॅक करून, स्वतःच्या खर्चाने पाठवता.

आता तो अहवाल. मिस्त्रींना इंग्रजी येत नाही, मी वाचून दाखवला. 'पेटर एम टाइप, टू-स्ट्रोक' इथवर आलो आणि त्यांनी थांबवलं. "टू-स्ट्रोक? मग ह्ये व्हॉल्व्ह काय शोभेला बसवल्यात?" मुद्दा एवढाच आणि तो पुरेसा आहे. पेटरचं एम टाइप टू-स्ट्रोक, आमच्या इंजिनाला व्हॉल्व्ह आहेत, ढकलदांड्या आहेत, सरळसरळ फोर-स्ट्रोक. शिवाय एम टाइप बाजारात आलं 1923 साली, ते 1916 मध्ये कसं तयार होईल? आणि लाफबरो? पेटर मंडळी सॉमरसेटमधल्या येओव्हिलची. विमानं बनवणारी वेस्टलँड कंपनी 1915 मध्ये त्यांनीच तिथे काढली. त्यांचं इंजिनांचं काम लाफबरोला गेलं ते 1930 च्या दशकाच्या अगदी शेवटी. म्हणजे साल, गाव आणि जात, तिन्ही खोटं. अहवालात फक्त कागदाचा पिवळा रंग तेवढा नीट जमला होता.

हे त्याला विचारलं तर गडी जराही गडबडला नाही. "काका, नवीन नोंद सापडलीये. इंजिन अमेरिकन आहे, वॉटर्लूचं 'चोअर बॉय', त्याहून दुर्मीळ! सुधारित अहवाल 4,000 रुपये." चोअर बॉय नावाचं पावणेदोन हॉर्सपॉवरचं इंजिन खरोखर होतं, अमान्कोवाल्यांचंच. नाव खरं घ्यायचं आणि बाकी सगळं मनाचं, ही त्याची पद्धत. इंटरनेटवर शोधलं की नाव सापडतं आणि माणसाला खात्री पटते.

या वेळी मिस्त्रींनी आट्यांचं गेज काढलं. अर्ध्या इंचाच्या स्टडला ब्रिटिश व्हिटवर्थ मापात एका इंचात 12 आटे असतात, अमेरिकन मापात 13. बाकी बऱ्याच मापांत दोन्हीकडचा आकडा सारखाच, पण अर्ध्या इंचाला फरक पडतो. महायुद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये विकायला निघालेल्या अमेरिकन गाड्यांचे नट-बोल्ट इथल्या ब्रिटिश नट-बोल्टांत मिसळायचे, तेव्हा त्यांच्या उस्तादाने हे शिकवलेलं. एखादा स्टड मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून हेडचे आणि मेन बेअरिंगच्या टोपीचे असे सगळे तपासले. सगळीकडे 12. इंजिन ब्रिटिश. अमेरिकेचा किस्सा तिथेच संपला, आणि त्यासाठी मिस्त्रींनी घेतला फक्त चहा.

खऱ्या जाणकारांची रीत आम्हाला यानंतर कळली. इंग्लंडातल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी एक पैसा न घेता मदत केली. त्यांनी भाग मागितलेच नाहीत, मापं मागितली: सिलिंडरचा व्यास, पिस्टनची धाव, चाकाचा व्यास आणि रुंदी, आरे किती आणि सरळ की वाकडे, वेग आवरणारा गव्हर्नर कुठे बसवलाय. बिडाच्या ओतकामावर उठावाची अक्षरं कुठे कुठे आहेत, विशेषतः चाकाच्या आतल्या तोंडावर आणि क्रँककेसच्या खाली, ते खडूने घासून फोटो काढा म्हणाले. आणि बजावलं की जुना रंग खरवडू नका, सँडब्लास्टिंग तर मुळीच नको. सगळ्यात खालचा थर कुठल्या रंगाचा यावरूनही काही कारखाने वगळता येतात. क्रमांकात दडलेलं साल वाचायची पद्धत प्रत्येकाची निराळी. जे.ए.पी. कंपनीने 1920 पासून मोटारसायकलच्या इंजिनांवर 'न्यूमॅटिक' या इंग्रजी शब्दातलं एकेक अक्षर एकेका वर्षासाठी वापरलं, पण त्यावरून दुसऱ्या कारखान्याचं साल काढता येत नाही. आमच्याकडच्या भामट्याने नेमकं असंच काहीतरी करून 1916 काढलं होतं.

मॅग्नेटोचंही त्यांनीच समजावलं. बॉश, लुकास, बी.टी.एच., एम.एल. हे डझनावारी इंजिनवाल्यांना मॅग्नेटो पुरवायचे. पहिल्या महायुद्धाआधी तर इंग्लंडचा बहुतेक माल जर्मनीच्या बॉशकडूनच यायचा. त्यावरचा क्रमांक मॅग्नेटोवाल्याच्या वहीतला, इंजिनवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरतात, आमचे फिरलेच. ठाण्यात पहिला प्रश्न आला, "इंजिनाचं बिल आहे का?" आजोबांनी जुन्यात घेतलेल्या इंजिनाचं बिल कुठून आणणार? पण वजनाच्या दोन पावत्या, खंडेनवमीचा फोटो आणि दोन वेगवेगळे 'अंतिम' अहवाल शेजारी शेजारी ठेवल्यावर साहेबांनी नीट ऐकून घेतलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे पूर्वीच्या 420 च्या जागी, गुन्हा नोंदला गेला. तपास चालू आहे. त्याच्या नव्या नावाच्या जाहिरातीत अजूनही तेच वाक्य आहे: 'तळाचा क्रमांक प्रत्यक्ष पाहणे आवश्यक.'

जुन्या मोटारसायकली करणाऱ्यांना आणि जुन्या बाजारात बसणाऱ्यांना एक विनंती. एम.एल.चा एका सिलिंडरचा मॅग्नेटो कुणी विकायला आणला तर घ्यायच्या आधी उलटा करून पाहा. पायाच्या एका कडेला पंचाचे तीन ठिपके एका रेषेत आहेत, मधला जरा खोल. त्याच कडेचा कोपरा उडालेला आहे. रंग मारलेला असला तर नखाने खरवडा. ठिपके सापडले तर माल घेऊ नका, विकणाऱ्याचा फोटो काढा आणि कराडला कळवा.