तज्ज्ञाचं व्याख्यान की मैत्रिणींचा गट?

गणपतीला मुंबईहून आलेली मंडळी दारातच म्हणतात, "केवढी काळी झालीस गो!" मालवणातल्या कॉलेजच्या मुलीला ते वाक्य पुढच्या गणपतीपर्यंत पुरतं. आपल्या रूपाबद्दल मुलींच्या मनात बसणाऱ्या अशा खंतीवर कॉलेजने काही करायचं म्हटलं, तर दोन वाटा आहेत.

डॉक्टरांचं व्याख्यान सोपं. एका दुपारी सभागृह भरतं, आहाराची नेमकी माहिती मिळते. पण मुली फक्त ऐकतात.

दुसरी वाट म्हणजे लहान गट आणि तो चालवणारी, प्रशिक्षण घेतलेली त्यांच्यातलीच एक. अमेरिकेत एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी 'बॉडी प्रोजेक्ट' हा लहान गटांचा कार्यक्रम बांधला. त्याचं मूळ लिऑन फेस्टिंगर यांच्या १९५७ च्या सिद्धांतात आहे: आपलं बोलणं आणि आपली समजूत जुळेनाशी झाली की मन अस्वस्थ होतं आणि समजूत सैल पडते. म्हणून इथे बारीक देहाच्या आदर्शाविरुद्ध मुलींनी स्वतः बोलायचं, पत्र लिहायचं, प्रसंग वठवायचे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ वर्षांत खाण्याचे विकार (वजनाच्या धास्तीने उपाशी राहणं, उलट्या काढणं असे) सुरू होण्याचं प्रमाण विद्यार्थिनींनी चालवलेल्या गटांत ८.१ टक्के होतं. नुसती माहितीपर चित्रफीत पाहिलेल्यांत १७.६.

मी गटाच्याच बाजूने. मात्र आपल्याकडे रंगाचा विषय त्यात घालावाच लागेल, नाहीतर मुलींचं खरं दुखणं बाहेरच राहील. आणि जेवण टाकणारी, उलट्या काढणारी मुलगी दिसली, तर गटावर न सोडता तिला थेट डॉक्टरांकडे न्यायचं.