शेजारी कारखान्यांच्या सामायिक माहितीसाठी थिंग्जबोर्ड: नंदेसरीच्या गरजेने केलेलं परीक्षण

बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या रासायनिक कारखान्यांचं बरंचसं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून जातं आणि मग खंभातच्या आखाताकडे नेणाऱ्या, 1983 पासून वाहणाऱ्या सुमारे 55 किलोमीटरच्या चॅनलला मिळतं. पाणी एक होतं, माहिती मात्र ज्याच्या त्याच्या कुंपणाआड राहते. एकाने आम्लाची बॅच सोडली तर केंद्राला ते पाणी दारात आल्यावर कळतं. हा निरोप आधी पोचवायला थिंग्जबोर्डची, म्हणजे सेन्सरांचे आकडे गोळा करून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, मोफत कम्युनिटी आवृत्ती चांगली आहे.

तिचं खरं बळ एंटिटी व्ह्यूमध्ये, म्हणजे निवडक माहितीच दाखवणाऱ्या खिडकीत, आहे. एक डिव्हाइस (मीटर किंवा सेन्सर) एकाच कस्टमरला (इथे शेजारी कारखान्याला) देता येतं, पण त्याच डिव्हाइसचे अनेक व्ह्यू करून वेगवेगळ्या शेजाऱ्यांना देता येतात. व्ह्यू करताना फक्त फ्लो आणि पीएच निवडा, सुरुवातीची-शेवटची तारीख टाका. बॅचचे आकडे शेजाऱ्याला दिसतच नाहीत. एक खाच आहे: टेलिमेट्री (वेळेनुसार येत राहणारे आकडे) आपोआप दिसते, अॅट्रिब्यूट (डिव्हाइसबद्दलची इतर माहिती) मात्र व्ह्यू सेव्ह करताना कॉपी होतात, नंतर बदलले तर जुनेच राहतात. त्यासाठी रूल चेनमध्ये, म्हणजे आलेल्या माहितीचं काय करायचं ते ठरवणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीत, ‘कॉपी टु व्ह्यू’ नोड (पायरी) जोडावा लागतो.

टेनंट अॅडमिनला, म्हणजे संपूर्ण खात्याच्या व्यवस्थापकाला, सगळंच दिसतं, म्हणून ती चावी कुठल्याही एका कारखान्याकडे नको. आमचं ठाम मत: प्रत्येकाने स्वतःचा सर्व्हर ठेवावा आणि रूल चेनच्या ‘रेस्ट एपीआय कॉल’ नोडने (दुसऱ्या सर्व्हरला माहिती पाठवणारी पायरी) ठरलेल्या की (फ्लो, पीएच अशा नावांनी जाणारे आकडे) तेवढ्याच प्रक्रिया केंद्राच्या सर्व्हरला पाठवाव्यात. काय जातंय ते आपल्याच फाटकावर ठरतं, आणि विश्वास तिथूनच सुरू होतो.

गोंधळ बहुतेक वेळा घड्याळाचा असतो. टाइमस्टॅम्प, म्हणजे नोंदीची वेळ, 1970 च्या सुरुवातीपासून मोजलेल्या मिलिसेकंदांत लागतो. सेकंदांत पाठवला तर नोंदी 1970 च्या जानेवारीत जाऊन पडतात. पीएलसीने (यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकाने) भारतीय वेळच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून पाठवली तर आलेख साडेपाच तास पुढे सरकतो आणि भलत्याच शेजाऱ्यावर ठपका येतो. कीचं नाव मोठ्या-लहान अक्षरांत वेगळं लिहिलं तर दोन वेगळ्या की तयार होतात. एकजण प्रवाह केएलडीत (दिवसाला किती हजार लिटर), दुसरा घनमीटर प्रतितास लिहितो. 24 केएलडी म्हणजे ताशी 1 घनमीटर, हे आधीच कागदावर ठरवा. मॉडबसवरचा (कारखान्यातल्या उपकरणांची आकडे पाठवण्याची पद्धत) 32 बिटांचा फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, दोन रजिस्टरांत (कप्प्यांत) विभागून येतो. क्रम उलटा लागला की फ्लो एकदम शून्याजवळ किंवा कोटींत दिसतो.

पीएच प्रोबची काच फुटली तर तो 7 च्या आसपासच दाखवत राहतो, म्हणजे सगळं उत्तम चाललंय असं वाटतं. म्हणून मर्यादा ओलांडल्याच्या अलार्मइतकाच ‘तीन तास आकडा हललाच नाही’ हा अलार्मही लावा. 4 आणि 7 च्या बफरने (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने) कॅलिब्रेशन मात्र हातानेच करावं लागतं.

इंटरनेट गेलं तर गेटवे (उपकरणांचे आकडे सर्व्हरला पोचवणारा दुवा) नोंदी साठवून ठेवतो, पण साठा मेमरीत असेल तर गेटवे रीस्टार्ट होताच त्या जातात. फाइल स्टोरेज निवडा. ठरावीक वेळी आपोआप निघणारे अहवाल हवे असतील तर सशुल्क आवृत्ती घ्यावी लागते. आणि बसवल्या दिवशीच मूळ पासवर्ड बदला. माहिती उघडी नेणारा 1883 पोर्ट (सर्व्हरचं दार) बाहेर उघडू नका, टीएलएससह (माहिती सांकेतिक करून पाठवणारी सुरक्षा) 8883 वापरा.