सेट : ८१ पत्त्यांचा कॅट आणि त्यात दडलेली भूमिती

डब्यात ८१ पत्ते आणि नियमांचा कागद, एवढाच ऐवज. फासे नाहीत, सोंगट्या नाहीत. हातात लपवायची पानंही नाहीत. सगळे पत्ते टेबलावर उघडे आणि सगळ्यांना सारखेच दिसणारे. त्यामुळे हरल्यावर ‘पानंच वाईट आली’ म्हणायची सोय नाही. रमी-जजमेंट खेळणाऱ्यांना पहिला धक्का इथेच बसतो.

प्रत्येक पत्त्यावर चार गोष्टी बघायच्या. आकडा : चिन्हं १, २ की ३. रंग : लाल, हिरवा, जांभळा. आकार : लंबगोल, चौकट, नागमोडी. भरण : भरीव, रेघांचं, पोकळ. प्रत्येकाचे तीन प्रकार, म्हणून ३ × ३ × ३ × ३ = ८१, आणि कुठलाही पत्ता दुसऱ्यांदा येत नाही. तीन पत्त्यांचा सेट व्हायचा तर चारही गोष्टींत तिघं एकतर अगदी सारखे हवेत, नाहीतर तिघं तीन तऱ्हांचे. कुठेही ‘दोघं सारखे, तिसरा वेगळा’ झालं की सेट मोडला.

उदाहरणार्थ, एक लाल भरीव लंबगोल, दोन हिरवे रेघांचे लंबगोल, तीन जांभळे पोकळ लंबगोल. आकडे वेगळे, रंग वेगळे, भरण वेगळं, आकार एकच : सेट झाला. तिसरा पत्ता पोकळऐवजी रेघांचा असता तर भरीव-रेघा-रेघा, म्हणजे बाद. नव्या खेळाडूंच्या बऱ्याच चुका याच जातीच्या. रंग, आकार आणि आकडा डोळा पटकन टिपतो, भरणाकडे दुर्लक्ष होतं. पुकारण्याआधी भरण मुद्दाम शेवटी एकदा तपासा. चुकीच्या पुकाऱ्याला एक गुण कापला जातो.

डाव मांडायचा तो १२ पत्त्यांचा, ३ बाय ४. ज्याला सेट दिसेल तो ‘सेट’ म्हणून ओरडतो, तीन पत्ते उचलतो आणि त्या जागी तीन नवे येतात. पाळी नावाची भानगड नाही. डाव वीस-पंचवीस मिनिटांत आटपतो.

आता नियमांच्या कागदावर नसलेला मुद्दा. कुठलेही दोन पत्ते उचला, त्यांचा सेट पुरा करणारा तिसरा पत्ता एक आणि एकच असतो. कारण प्रत्येक गुणधर्मात दोन सारखे असतील तर तिसरा तोच, वेगळे असतील तर उरलेला. म्हणून कॅटमध्ये एकूण ८१ × ८० ÷ ६ = १,०८० सेट आहेत. त्यांत एकच गोष्ट वेगळी असलेले १०८, दोन वेगळ्या असलेले ३२४, तीन वेगळ्या असलेले ४३२ आणि चारही वेगळ्या असलेले २१६. गंमत अशी की डोळ्याला सगळ्यात आधी दिसतात ते पहिल्या प्रकारचे, आणि ते आहेत जेमतेम १० टक्के. ‘सारखेपणा’ शोधत बसणारा म्हणूनच मागे पडतो.

उपाय साधा आहे : दोन पत्त्यांवर बोट ठेवा, तिसऱ्याचं नाव मनात घ्या आणि मांडणीत तोच शोधा. सगळीकडे एकदम बघू नका. १२ पत्त्यांत जोड्या ६६, पण एवढ्या तपासाव्या लागत नाहीत. समजा जांभळे दोनच आहेत, लाल पाच, हिरवे पाच. सेटमध्ये जांभळा एक असेल किंवा एकही नसेल. दोन चालत नाहीत आणि तीन इथे नाहीतच. जांभळा असला तर सोबत एक लाल, एक हिरवा : दोन जांभळ्यांच्या पाच लालांशी १० जोड्या. नसला तर सगळे लाल किंवा सगळे हिरवे : प्रत्येकी १० जोड्या. ३० तपासण्यांत काम संपलं. जो प्रकार सर्वांत कमी दिसतो तिथून सुरुवात करायची, हा या खेळातला सगळ्यात कामाचा डावपेच.

कधीकधी १२ पत्त्यांत सेट नसतोच. पहिल्या मांडणीत ही शक्यता ३ टक्क्यांच्या आसपास, पण डाव पुढे सरकला की वाढते, कारण सोपे सेट उचलले गेलेले असतात. मग आणखी तीन पत्ते मांडायचे. पण असे वाढवत जाऊन सेटशिवाय जास्तीत जास्त किती पत्ते मांडता येतील? उत्तर २०. एकविसावा पत्ता आला की सेट असलाच पाहिजे. जुझेप्पे पेलेग्रिनो या इटालियन गणितज्ञाने हे १९७१ साली सिद्ध केलं, आणि खेळ तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता! तो सुचला १९७४ मध्ये, केंब्रिजला, मार्शा फाल्को या आनुवंशिकी संशोधिकेला. जर्मन शेफर्ड कुत्र्यांमधल्या फेफऱ्याच्या अभ्यासात कार्डांवरच्या नोंदींसाठी त्या चिन्हं वापरत होत्या, त्यातून हा खेळ निघाला. बाजारात आला १९९० मध्ये.

पेलेग्रिनो यांचा प्रश्न पत्त्यांचा नव्हता, चार मितींच्या भूमितीचा होता : प्रत्येक मितीत तीनच बिंदू, आणि तीन बिंदू एका रेषेत न येता किती बिंदू निवडता येतील. आपला सेट म्हणजे तिथली रेषा. पत्त्यांना पाचवा गुणधर्म जोडला (समजा, कडेची किनार) तर २४३ पत्ते होतात आणि कमाल आकडा ४५. सहा गुणधर्मांना ११२. सातला नेमका आकडा अजून हाती लागलेला नाही. गुणधर्म वाढत गेले की हा आकडा किती वेगाने वाढतो, यावर २०१६ मध्ये मोठी मजल मारली गेली. क्रूट, लेव्ह आणि पाख या गणितज्ञांनी एका शेजारच्या प्रश्नासाठी बहुपदींची छोटीशी युक्ती काढली, आणि काही दिवसांतच एलेनबर्ग आणि खाइसवाइट यांनी स्वतंत्रपणे ती इथे लावून दाखवली : n गुणधर्मांना वाढ साधारण २.७५६ च्या n घातापेक्षा जास्त असूच शकत नाही. पुढे २०२३ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीने संगणकाच्या मदतीने आठ गुणधर्मांच्या ६,५६१ पत्त्यांत सेटशिवायचे ५१२ शोधून काढले. आधीचा विक्रम ४९६ होता. टेबलावर ‘आणखी तीन मांड रे’ म्हणणारा माणूस नकळत याच प्रश्नाला हात घालत असतो.

आता दोष. मोठा दोष रंगांचा. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही त्यांना हा कॅट जसाच्या तसा खेळताच येत नाही. सगळ्या २७ हिरव्या पत्त्यांच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पर्मनंट मार्करने ठिपका द्या, म्हणजे पत्ता उलटा पडला तरी खूण दिसते. पिवळ्या बल्बखाली लाल आणि जांभळा जवळ येतात. पांढऱ्या दिव्याखाली बसा.

दुसरा दोष वेगाचा. एक जण तरबेज असला की बाकीचे प्रेक्षक होतात आणि दहा मिनिटांत मोबाइल काढतात. अशा माणसाने फक्त चारही गोष्टी वेगळ्या असलेलेच सेट उचलायचे, असा घरचा नियम लावा. त्याच्या वाट्याला एकूण सेटपैकी २० टक्केच येतात आणि डाव रंगतो. सहापेक्षा जास्त जण बसवू नका, मांडणीवर डोकी आपटतात.

लहान मुलांना थेट ८१ देणं ही चूक. आधी फक्त भरीव २७ पत्ते घ्या, नऊ मांडा. त्याहूनही आधी फक्त लाल भरीव नऊ. या नवांतून सेट नसलेले तीन पत्ते निवडा : एक डाव्या वरच्या कोपऱ्यात, एक त्याच्या उजवीकडे, एक त्याच्या खाली. आडव्या-उभ्या ओळींतला तिसरा पत्ता भरा, मग त्या दोन कोपऱ्यांवरून मधला, मग बाकीचे. नऊ घरांचा असा चौकोन तयार होतो की आडव्या, उभ्या, तिरप्या आणि कडेवरून वळून येणाऱ्या तुटक तिरप्या धरून १२ सेट. यावर फुलीगोळा खेळा, या बाराही रेघा मोजून. बरोबरी होतच नाही, कारण एकाकडे पाच घरं येतात आणि रेघ टाळून चारच्या पुढे जाता येत नाही.

विकत न घेता घरी करणंही अवघड नाही. ६३ बाय ८८ मिलिमीटरचे नऊ पत्ते एका ए-४ कागदावर बसतात, म्हणजे बरोबर नऊ कागद. २५० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कागद घ्या. पातळ कागदावर स्केचपेनची शाई मागे उतरते. नागमोडी आकार हाताने २७ पत्त्यांवर सारखा येत नाही, त्याऐवजी त्रिकोण काढा, गणित तेच राहतं. रेघा मात्र विरळ ठेवा, दाट काढल्या की लांबून भरीव वाटतात.

विकतचा असो की घरचा, पत्ता हरवणारच. तो कोणता हे कॅट स्वतःच सांगतो. पूर्ण कॅटमध्ये शेवटी उरणारे पत्ते नेहमी तीनच्या पटीत असतात, बहुधा ६ किंवा ९. पाच किंवा आठ उरले तर एक गायब. समजा हे पाच उरले : १ लाल भरीव लंबगोल, १ हिरवा भरीव चौकट, २ हिरवे रेघांचे लंबगोल, ३ जांभळे रेघांचे चौकट, ३ लाल पोकळ चौकट. एकेक गुणधर्म घ्या आणि तीन सारखे किंवा तीन वेगळे गाळत जा. आकडे १, १, २, ३, ३ : १-२-३ गाळले, उरले १ आणि ३, तर हरवलेला २. रंग : लाल-हिरवा-जांभळा गाळला, उरले लाल आणि हिरवा, तर जांभळा. भरण : उरले भरीव आणि रेघा, तर पोकळ. आकार : तीन चौकट गाळले, उरले दोन लंबगोल, तर लंबगोलच. दोन जांभळे पोकळ लंबगोल. कोऱ्या कार्डावर काढून टाका. चार किंवा सात उरले तर दोन हरवलेत आणि ही युक्ती चालत नाही. मग नऊ-नऊच्या नऊ गड्ड्या लावून बसायचं.