चुंबकाचा संच घेताय? लाल टोक कुठे वळतंय ते आधी बघा

आमची शाळा सातारा तालुक्यात, कृष्णाकाठी. सहावी ते दहावीचं विज्ञान माझ्याकडे आहे. कपाटातले जुने पट्टीचुंबक इतके मंदावले होते की टाचणीसुद्धा धड उचलेनात. म्हणून जूनमध्ये राजवाड्याजवळच्या शालेय साहित्याच्या एका दुकानातून 780 रुपयांना नवा संच आणला. त्यात पट्टीचुंबकांची जोडी, एक नालाकृती चुंबक, कडीसारखे दोन गोल चुंबक, सहा छोट्या चुंबकसूची, लोहकीसाची पुडी, तांब्याची तार आणि बटणाएवढे दोन निओडिमियम चुंबक होते. दोन महिने वापरला, आता लिहिते.

पट्टीचुंबक उत्तम आहेत. दोऱ्याने टांगला की डुलत डुलत अर्ध्या मिनिटात उत्तर-दक्षिण स्थिर होतो. सोबत मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्याही दिल्यात, त्या टाकून देऊ नका. दोन्ही चुंबक विजातीय ध्रुव शेजारी येतील असे ठेवायचे आणि टोकांना या पट्ट्या लावायच्या. बलरेषांना लोखंडातून वाट मिळते आणि चुंबक लवकर मंदावत नाही. आमचे जुने चुंबक नुसते एकावर एक टाकून ठेवले होते, कधी जमिनीवर आपटले, त्यातच गेले. गोल चुंबक पेन्सिलीत ओवले की वरचा तरंगतो. सहावीच्या वर्गात तो खेळ तास संपला तरी थांबत नव्हता.

खरी अडचण चुंबकसूचींची. वर्गात सहाही मांडल्या, तर चारांची लाल टोकं उत्तरेला आणि दोघींची दक्षिणेला. आधी वाटलं, बाकाच्या लोखंडी पायांमुळे असेल. मैदानात नेऊन पाहिल्या, तरी तेच. कारण पेटीतच सापडलं: निओडिमियमची बटणं नेमकी या दोन सूचींना खेटून ठेवली होती. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जेमतेम 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास, आणि त्या बटणाजवळचं त्याच्या काही हजार पट. सूची म्हणजेही एक नाजूक चुंबकच, जबरदस्त क्षेत्रात तिचे ध्रुव उलटतात. दुरुस्ती सोपी आहे. पट्टीचुंबकाचा दक्षिण ध्रुव सूचीच्या काचेवर मध्यावर टेकवून लाल टोकाकडे ओढत न्यायचा आणि तसाच दूर उचलायचा. दोन-तीन वेळा केल्यावर दोघीही सरळ झाल्या. पण ज्या शिक्षकाच्या लक्षात येणार नाही, त्याची पोरं वर्षभर दक्षिणेला उत्तर म्हणत राहतील, याचं मला फार वाईट वाटतं.

या गोंधळातूनच सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात ना? मग सूचीचं उत्तर टोक उत्तरेकडे कसं ओढलं जातं?" इतका नेमका प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. पृथ्वी हा चुंबक मानला, तर भौगोलिक उत्तरेच्या बाजूला त्याचा दक्षिण ध्रुव आहे, हे फळ्यावर काढून दाखवलं. चुंबकावर 'उ' लिहिलेलं टोक म्हणजे उत्तर शोधणारं टोक, हे त्या दिवशी अख्ख्या वर्गाला कळलं.

लोहकीस मात्र वाया गेला. पुडी उघडली तर गंजाचा गोळा! मग मुलांना नदीवर नेलं. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा (नाहीतर चिकटलेले कण खरवडत बसावं लागतं), कोरड्या वाळूत फिरवायचा, वर्तमानपत्रावर आणून पिशवीतून काढून घ्यायचा. काळी रेती भुरभुर खाली पडते. हे मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमधून झिजून आलेले. दोन्ही टोकांना दाट झुबके आणि मध्यभाग जवळजवळ मोकळा, हे पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. लोहकीसासारख्या रेखीव बलरेषा या रेतीने उमटत नाहीत, कण गोलसर असतात म्हणून. पण मुलांना ही आपल्या कृष्णेची रेती जास्त आवडली.

तारेचा प्रयोग छान जमतो. सूचीवर तार उत्तर-दक्षिण धरून सेल क्षणभरच जोडा, सूची वळते. डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने 1820 साली पाहिलं ते हेच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं मोजमाप 1904 साली अलिबागच्या नव्या वेधशाळेत न्यावं लागलं, हे सांगितल्यावर दहावीची मुलं त्या वळणाऱ्या सूचीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

निओडिमियमची बटणं मी कुलपात ठेवलीत. लहान मुलाने अशी दोन गिळली तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून भोक पडू शकतं. मुलांच्या पेटीत ती नकोतच, आणि असलीच तर पेटीवर ठळक सूचना हवी. या पेटीवर एक ओळ नाही.

दुकानदार भला माणूस. सगळं सांगितल्यावर त्यांनी लोहकीसाची पुडी बदलून दिली आणि उरलेल्या तीन पेट्या तिथेच फोडल्या. दुकानाला लोखंडी शटर आहे, म्हणून आम्ही सूची घेऊन रस्त्यापलीकडे गेलो. साताऱ्यात दिशा ओळखायला अडचण नाही, अजिंक्यतारा गावाच्या दक्षिणेला उभा आहे. एका पेटीतल्या सूचीने लाल टोक थेट किल्ल्याकडे केलं. "मॅडम, ही तर उलटीच की!" म्हणत त्यांनी ती बाजूला काढली आणि तिन्ही पेट्यांमधली बटणं वेगळ्या डबीत भरून दुसऱ्या फळीवर ठेवली.