स्टोरेज ड्रायव्हरवर काम करायचंय: खरं कार्ड घ्यावं का क्यूएमूवरच भागवावं?

इंजिनिअरिंगची पोरं अधनंमधनं विचारायलेत, दादा, लिनक्स कर्नलमधला (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला) स्कझी ड्रायव्हरांचा, म्हणजे स्कझी पद्धतीनं डिस्कांशी बोलणारी कार्डं चालवणारा, जुना कोड तपासायचा, सुधारायचा म्हणतो, तर त्याला खरं सॅस कार्ड (सर्व्हरच्या डिस्का जोडायचं कार्ड) विकत घेऊ का क्यूएमूमधल्या (सॉफ्टवेअरातच अख्खं नकली मशीन उभं करणाऱ्या प्रोग्राममधल्या) नकली कंट्रोलरवर भागेल? मी दोन्ही वापरलंय आणि परभणीत बसून वापरलंय, म्हणजे लाईट कधी जाईल भरवसा नाही, मेमध्ये पारा 43 ला टेकलेला, हे धरून वाचा. पुण्यात एसी लॅबमध्ये बसणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं आणि ते चूक असेलच असंही नाही.

खऱ्या कार्डाची बाजू आधी घेतो, ती कच्ची नाही. ड्रायव्हर बोलतो तो कार्डातल्या फर्मवेअरशी (कार्डाच्या आत बसवलेल्या प्रोग्रामशी), आणि फर्मवेअरचे नखरे नकली कंट्रोलरला येत नाहीत. मरायला टेकलेली डिस्क लावली की कमांड परत येतच नाही, 30 सेकंदांनी टाइमआउट होतो, मग स्कझीचा एरर हँडलर आधी ती कमांड अबॉर्ट (रद्द) करतो, नाही जमलं तर डिव्हाइस रीसेट, मग टार्गेट, मग बस (डिस्का जोडलेली अख्खी लाईन), शेवटी अख्खं कार्डच रीसेट. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) हे ओळीनं उतरताना बघितलं की अबॉर्ट हँडलरमधलं लॉकिंग (एकाच गोष्टीला दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून लावलेली कुलपं) एवढं किचकट काहून आहे ते समजतं. उलट क्यूएमूमधल्या मेगासॅस नावाच्या नकली कार्डाची गंमत बगा, ते मॉडेल लिनक्सचाच ड्रायव्हर समोर ठेवून लिहिलंय, म्हणजे ड्रायव्हरची जी समजूत तीच नकली कार्डाची, त्यावर ड्रायव्हर तपासणं म्हणजे स्थळाची चौकशी मुलाच्या मामाकडंच केल्यासारखं. रजिस्टर (कार्डाला हुकूम द्यायचे कप्पे) कोणत्या क्रमानं लिहायचं, मध्ये किती थांबायचं, असल्या गोष्टींत क्यूएमू पास म्हणालं तरी त्याला फारसा अर्थ नाही.

स्पीडचं तर बोलायलाच नको, क्यूएमूवरचे आकडे कुणाला दाखवू नका.

आता दुसरी बाजू. जुन्या ड्रायव्हरमध्ये रिव्ह्यू करताना सापडतं काय, तर प्रोब (ड्रायव्हर कार्ड ताब्यात घेतो ते पाऊल) अर्ध्यात फसलं तर आधी घेतलेली मेमरी सोडलेलीच नाही, इंटरप्ट (कार्डानं प्रोसेसरला मारलेली हाक) बंद करायच्या आधीच स्ट्रक्चर फ्री केलंय, डीएमए मॅपिंग (कार्डाला थेट मेमरी वापरायला दिलेला पत्ता) फेल झालं का ते बघितलंच नाही. हे सगळं क्यूएमूवर घरबसल्या पकडता येतं. केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं), केमेमलीक (न सोडलेली मेमरी पकडणारं), डीएमए-एपीआय डीबग (डीएमए मॅपिंगच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकिंगच्या चुका पकडणारं) चालू करून कर्नल बांधायचं, फेलस्लॅब लावून मेमरी मुद्दाम नाकारायची, ड्रायव्हर बाइंड-अनबाइंडच्या (कार्डाला जोडायचा, सोडायचा) लूपमध्ये टाकायचा आणि जेवायला जायचं. खऱ्या कार्डावर हाच लूप लावला तर दर वेळेला फर्मवेअर तयार व्हायची वाट बघत बसावं लागतं. इंटेलचा नकली आयओएमएमयू (कार्ड कोणत्या मेमरीला हात घालतंय त्यावरचा पहारेकरी) पण जोडता येतो, मग ड्रायव्हरनं मॅप न केलेला पत्ता कार्डाला दिला की लगेच फॉल्ट दिसतो, साध्या मशीनवर असला घोळ महिनोन्महिने खपून जातो. आणि बिग एंडियन (आकड्याचे बाइट नेहमीच्या लॅपटॉपच्या उलट क्रमानं ठेवणारं) मशीन? ती परभणीत कुठून आणणार, क्यूएमूवर पॉवरपीसी (तसला एक प्रोसेसर) उभं करायचं आणि एंडियनची चूक तिथं उघडी पाडायची.

टाइमआउटचं काय म्हणाल तर त्यालाही सोय आहे, कर्नलमध्येच टाइमआउट पाडायचं फॉल्ट इंजेक्शन मिळतं. त्यात होतं असं की कार्डानं काम पूर्ण केलेलं असतं पण ती खबर स्कझीच्या थरात मुद्दाम गिळली जाते, मग टाइमआउट होऊन ड्रायव्हरला सांगितलं जातं की ही कमांड अबॉर्ट कर, आणि ती तर केव्हाच संपलेली. जुने ड्रायव्हर नेमके इथं पडतात, फ्री केलेल्या कमांडला हात घालतात आणि केसॅन ओरडतं. हे खऱ्या कार्डावरही चालतं म्हणा, पण तिथं पॅनिक झालं (कर्नलच कोसळलं) की रीबूट आला, आणि रीबूटपाशीच माझं घोडं अडलं.

माझ्याकडचं कार्ड जुन्या सर्व्हरमधून निघालेलं, कंपनीचं नाव घेत नाही, कॅशला (कार्डावरच्या तात्पुरत्या मेमरीला) बॅटरी असलेलं आणि ती बॅटरी केव्हाच मेलेली. मशीन चालू केलं की आधी बोर्डाचं बायोस, मग काळ्या स्क्रीनवर कार्डाचं स्वतःचं रॉम उठतं, टिंबं टाकत बसतं, डिस्का एकेक करून फिरायला लागतात, तेवढ्यात चहा होऊन जातो, आणि एवढं सगळं झाल्यावर खाली ओळ येते की बॅटरी सापडत नाही, पुढं जायला कोणतंही बटन दाबा. म्हणजे माणूस तिथं पाहिजेच! कर्नलच्या दोन रिलीजमध्ये बारा-पंधरा हजार कमिट (कोडमधले नोंदलेले बदल) सहज असतात, बिघाड कुठल्या कमिटनं आणला ते शोधायला गिट बायसेक्टच्या (दर वेळी अर्धे कमिट बाद करत शोधायच्या) चौदाएक फेऱ्या, प्रत्येक फेरीला बूट, आणि प्रत्येक बुटाला बटन दाबायला मी. रात्री लावून झोपायची सोयच नाही. कार्डाच्या मेनूत जाऊन ती वॉर्निंग बंद केली तर लाईट जाऊन आल्यावर कॅशमधला डेटा गेला म्हणून दुसरी ओळ, तिलाही बटन. आणि आमच्याकडं उन्हाळ्यात लाईट किती वेळा जाते ते मी काय सांगावं. केएक्झेक (चालू कर्नलमधूनच थेट दुसरं कर्नल उठवायची सोय) वापरून बायोस टाळता येतं, पण पॅनिकनंतर कार्ड अर्धवट अवस्थेत लटकलेलं असलं की ड्रायव्हरलाच ते सावरावं लागतं, नाही सावरलं की फिरून पॉवर बटन. सगळ्या कार्डांत असं नसेल, माझ्याच नशिबी हे आलं असेल, पण तेव्हापासून रोजच्या कामाला मी लॅपटॉपवर क्यूएमूच उघडतो. कर्नलची फाईल थेट द्यायची, बायसेक्टची स्क्रिप्ट लावायची, सकाळी उठून दोषी कमिटचा नंबर वाचायचा. मधे लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे, आठ डिस्कांचा सर्व्हर आमचा इन्व्हर्टर ओढत नाही.

एक अडचण मात्र आधीच बघून घ्या, तुमच्या ड्रायव्हरचं कार्ड क्यूएमूत आहे का. एएचसीआय, एनव्हीएमई, मेगासॅस, एलएसआयचं जुनं 53सी895ए, एमपीटीचं 1068, व्हीएमवेअरचं पीव्हीस्कझी एवढी तरी मिळतात, पण एमपीटी3सॅस, एएसीरेड, एचपीएसए या ड्रायव्हरांचं नकली कार्ड नाही. त्यांच्यावरच काम करायचं असेल तर खरं कार्ड लागणारच. तरी ते व्हीएफआयओनं (खरं कार्ड थेट नकली मशीनच्या हातात द्यायच्या सोयीनं) व्हीएममध्ये, म्हणजे नकली मशीनमध्ये, द्यावं असं मला वाटतं, क्यूएमूची रॉमबार ही सेटिंग शून्य केली की व्हीएमच्या बूटमध्ये कार्डाचं रॉम चालत नाही आणि गेस्ट (आतलं नकली मशीन) पॅनिक झाला तरी होस्ट (बाहेरचं खरं मशीन) उभा राहतो. बोर्डाला आयओएमएमयू पाहिजे, आणि त्याचे ग्रुप (व्हीएमला एकत्रच द्यावी लागणारी कार्डं) कधीकधी डोकं खातात.

म्हणून तुमचं काम कुठलं त्यावर ठरवा. लीक बुजवणं, एरर पाथ नीट करणं, जुने एपीआय काढणं (जुनी पीसीआय-डीएमए फंक्शनं 2022 मध्ये 5.18 मधून गेलीच, तरी साफसफाईला बाकी लई आहे) याला क्यूएमू पुरतं, माझ्या हिशोबानं सुरुवातीला येणारी बरीचशी कामं हीच असतात. रीसेटचा क्रम बदलायचा, डिले कमी करायचा, तर खऱ्या कार्डाशिवाय हात लावू नका, आणि लावलाच तर फक्त क्यूएमूवर तपासलंय असं कमिट मेसेजमध्ये सरळ लिहा.

एवढं वाचून कार्ड घ्यायचंच ठरवलं असेल तर बिनकॅशचं, बिनबॅटरीचं साधं एचबीए (डिस्का नुसत्या जोडून देणारं कार्ड) घ्या, आयटी मोडचं (रेड न करता डिस्का जशाच्या तशा दाखवणारं) फर्मवेअर टाकलेलं. असली कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यात चालायला बनवलेली असतात, घरच्या कॅबिनेटमध्ये त्यांचा हीटसिंक पोळतो, तेव्हा कार्डासोबत त्यावर बांधायला एक छोटा फॅनही मागवा.