ग्लेनचा नियम की बर्गर्स मॉडेल?
हिमनद्यांवर प्रबंध लिहिणारी मैत्रीण अडली होती: बर्फाच्या संथ विरूपणासाठी (भाराखाली आकार बदलण्यासाठी) कोणतं मॉडेल घेऊ?

ग्लेनचा नियम म्हणजे ताणावरून बर्फाच्या विरूपणाचा वेग सांगणारं सूत्र. त्यात मुख्य स्थिरांक दोनच, गणित झटपट. ताणाचा घातांक साधारण 3, म्हणून ताण दुप्पट झाला की विरूपणाचा वेग सुमारे 8 पट. पण तो स्थिरावलेल्या प्रवाहापुरताच. भार काढल्यावर बर्फ थोडा लगेच, थोडा रेंगाळत मागे येतो. ते त्यात नाहीच, आणि बदलत्या भारात नेमकं तेच महत्त्वाचं!

बर्गर्समध्ये बर्फ म्हणजे दोन स्प्रिंग आणि दोन डॅशपॉट (घट्ट द्रवात हळू सरकणारे दट्टे) यांची जोडणी मानायची. तात्काळ, विलंबित, कायमचं, तिन्ही विरूपणं मिळतात. मेहनत जास्त: चार स्थिरांक प्रयोगांशी जुळवायचे, शिवाय मोठ्या ताणाला कायमचा डॅशपॉट ग्लेनसारखा अरेषीय (वेग ताणाच्या सरळ प्रमाणात न वाढणारा) करायचा.

शतकांचा हिमनदीप्रवाह असेल तर ग्लेन. भरती-ओहोटीने वाकणारे अंटार्क्टिकाचे तरंगते हिमपट्टे असतील तर बर्गर्सच.