एकाच डिस्कचे भाग की दुसरी एसएसडी?

ऐरोलीतल्या माझ्या भाचीला विंडोजच्या जोडीला उबुंटू ही लिनक्स सिस्टिम हवीय. आहे त्याच डिस्कवर पार्टिशन (म्हणजे वेगळा भाग) करायचं की नवी एसएसडी, म्हणजे दुसरी वेगवान डिस्क घ्यायची, यावर घरात चर्चा रंगली.

पार्टिशनला खर्च नाही, आणि डिस्कसाठी एकच स्लॉट असलेल्या लॅपटॉपला तोच मार्ग. डिस्कवरचे भाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन होतात. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ पर्यंत करू देतं, त्यामुळे तीन-चार सिस्टिम सहज मावतात. पण काम जपून करावं लागतं. बॅकअप घ्या, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करा. फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्समधून तो ड्राइव्ह बहुधा फक्त वाचता येतो, त्यावर काही लिहिता येत नाही. शिवाय डिस्क गेली की दोन्ही सिस्टिम एकदमच जातात.

वेगळ्या एसएसडीत ही गुंतागुंत बरीच कमी. फक्त उबुंटू टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवा, नाहीतर बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) तिच्याच ईएफआय या बूटसाठीच्या पार्टिशनमध्ये जाऊन बसू शकतो. मग चालू करताना बूट मेन्यूतून हवी ती डिस्क निवडायची.

डेस्कटॉप असेल तर मी दुसरी एसएसडीच घ्यायला सांगेन. भाचीच्या लॅपटॉपला दुसरा स्लॉट नाही, म्हणून तिच्यासाठी पार्टिशनच. उबुंटूला निदान ५० जीबी मोकळे ठेवून.